छिंगहाओचा अर्क : एका जुन्या कृतीचे वाचन आणि निष्कर्षणाचा इतिहास

१

वनौषधींच्या इतिहासाचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. कोणती वनस्पती कोणत्या रोगावर उपयोगी पडते, हा पहिला. आणि तिच्यातील गुणकारी द्रव्य तिच्यातून कसे काढावयाचे, हा दुसरा. पहिल्या भागाकडे अभ्यासकांचे लक्ष सहज जाते. दुसऱ्याकडे त्या मानाने कमी जाते. याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. वनस्पतीला नाव असते, रोगालाही नाव असते, आणि नामांची सूची करणे सोपे असते. कृती मात्र क्रियापदांत असते. भिजत घालावे, कुटावे, पिळावे, उकळावे, आटवावे, गाळावे ही क्रियापदे ग्रंथांतून इतक्या सहजपणे येतात की, वाचकाची दृष्टी त्यांवरून घसरून पुढच्या नामावर जाते. परंतु औषध हाती लागते की नाही, हे पुष्कळदा ह्या क्रियापदांवरच अवलंबून असते.

ह्या विधानाची सत्यता पटविणारे एक ठळक उदाहरण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चीनमध्ये घडले. हिवतापावरील आर्टेमिसिनिन हे औषध छिंगहाओ नावाच्या वनस्पतीपासून मिळविण्यात आले, त्याची हकीकत आता सर्वत्र सांगितली जाते. ती बहुधा अशी सांगितली जाते की, सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथात औषध होतेच, ते फक्त उघडून पाहावयाचे राहिले होते. उलट पक्षी, ग्रंथाचा उल्लेख हा केवळ अलंकार असून सर्व काम रसायनशास्त्रानेच केले, असेही म्हणणारे आहेत. ही दोन्ही मते अपुरी आहेत, असे पुराव्याच्या आधारे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

प्रथम पार्श्वभूमी पाहणे अवश्य आहे. वनस्पतीतील गुणकारी द्रव्य शुद्ध रूपात वेगळे करण्याची विद्या एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उदयास आली. झेर्ट्युर्नर ह्या जर्मन औषधनिर्मात्याने अफूपासून मॉर्फीन वेगळे केले. पेल्तिए आणि काव्हांतू ह्या फ्रेंच रसायनज्ञांनी १८१८ मध्ये कुचल्याच्या वर्गातील बियांपासून स्ट्रिकनीन आणि १८२० मध्ये सिंकोनाच्या सालीपासून क्विनीन मिळविले. ही सर्व द्रव्ये अल्कलॉइड वर्गातील होत. त्यांच्या रेणूत नायट्रोजन असतो आणि त्यांचा धर्म आम्लारीसारखा असतो. आम्लाशी संयोग झाला की त्यांचे लवण बनून ते पाण्यात उतरते. द्रावण अल्कधर्मी केले की मूळ द्रव्य पुन्हा वेगळे होते. आम्ल आणि अल्क यांच्या ह्या आलटापालटीने शेकडो वनस्पतींतून औषधिद्रव्ये हाती आली. ह्या यशामुळे रसायनज्ञांच्या मनात एक सवयही रुजली : गुणकारी वनस्पतीत अल्कलॉइड असावयाचाच, आणि तो ह्या मार्गाने निघावयाचाच. पुढील हकीकतीत ह्या सवयीचे महत्त्व ध्यानात येईल.

हिवतापावर क्विनीननंतर क्लोरोक्विन आले. जर्मनीत १९३४ मध्ये संश्लेषित झालेले हे औषध दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर वापरले जाऊ लागले. परंतु १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आग्नेय आशियात आणि दक्षिण अमेरिकेत त्याला दाद न देणारा फाल्सिपेरम जातीचा परजीवी आढळू लागला. व्हिएतनामच्या युद्धात दोन्ही बाजूंच्या सैन्यांना ह्या हिवतापाने ग्रासले. उत्तर व्हिएतनामने चीनकडे साहाय्य मागितले. आणि २३ मे १९६७ रोजी पेकिंगमध्ये भरलेल्या बैठकीतून एक गुप्त संशोधनयोजना निघाली. बैठकीच्या तारखेवरूनच तिला '५२३ योजना' असे नाव पडले. सांस्कृतिक क्रांतीचा तो काळ होता. अनेक संशोधनसंस्थांचे नित्याचे काम बंद पडले होते, शास्त्रज्ञांना ग्रामीण भागात पाठविले जात होते. अशा स्थितीत ही योजना लष्करी गरजेच्या आश्रयानेच चालू राहू शकली.

पेकिंगच्या पारंपरिक चिनी वैद्यक अकादमीतील तू यौयौ यांच्याकडे १९६९ च्या जानेवारीत ह्या योजनेतील एका गटाचे नेतृत्व देण्यात आले. त्यांचा जन्म १९३० चा. औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण त्यांनी १९५५ मध्ये पुरे केले होते, आणि पुढे पारंपरिक वैद्यकाचाही रीतसर अभ्यास केला होता. हा दुहेरी अभ्यास पुढे कामास आला. गटाने जुने ग्रंथ, लोकांत प्रचलित असलेले योग आणि वयोवृद्ध वैद्यांची माहिती यांवरून दोन हजारांहून अधिक कृती जमविल्या, आणि त्यांतून निवडलेल्या ६४० कृतींची एक पुस्तिका १९६९ च्या एप्रिलमध्ये तयार केली. त्यानंतरच्या काळात सुमारे २०० वनस्पतींचे ३८० अर्क उंदरांवर तपासण्यात आले.

३

ह्या अर्कांपैकी छिंगहाओचा अर्क प्रारंभी आशादायक वाटला. एका चाचणीत त्याने परजीवींची वाढ ६८ टक्क्यांपर्यंत रोखली. परंतु फेरतपासणीत हाच आकडा १२ ते ४० टक्क्यांच्या दरम्यान घसरला. प्रयोगशाळेच्या व्यवहारात असा अर्क बाजूला टाकण्यासच योग्य ठरतो, आणि काही काळ तो बाजूला पडलाही.

येथे एक प्रश्न उभा राहतो. एकाच वनस्पतीचा अर्क एकदा चालतो आणि दुसऱ्यांदा चालत नाही, ह्याचा अर्थ काय घ्यावयाचा? एक अर्थ असा की, वनस्पतीत काही नाहीच, पहिला निकाल हा योगायोग होता. दुसरा अर्थ असा की, वनस्पतीत काही आहे, परंतु ते काढण्याची रीत चुकते आहे. केवळ आकड्यांवरून ह्या दोहोंत निवड करता येत नाही. दुसरा पर्याय विचारात घेण्यासाठी वनस्पतीविषयी काही पूर्वविश्वास असावा लागतो, आणि रीत नेमकी कोठे चुकली असावी ह्याचा काही संकेत मिळावा लागतो. तू यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या निवेदनात म्हटल्याप्रमाणे, ह्या टप्प्यावर त्या पुन्हा ग्रंथांकडे वळल्या, आणि गे हाँग ह्याच्या ग्रंथातील एका कृतीवर त्यांची दृष्टी स्थिरावली.

४

गे हाँग हा चौथ्या शतकातील ताओपंथी विद्वान आणि वैद्य होय. 'झोउहौ बेइजी फांग' हा त्याचा ग्रंथ आणीबाणीच्या प्रसंगी जवळ बाळगावयाच्या योगांचा संग्रह आहे. नावातील पहिल्या दोन शब्दांचा अर्थ 'कोपराच्या मागे', म्हणजे बाहीत सहज राहील असा. वैद्य दूर आणि औषधी द्रव्ये दुर्मीळ, अशा ठिकाणच्या सामान्य माणसासाठी तो लिहिलेला असल्यामुळे त्यातील कृती आखूड आणि साध्या आहेत. आज उपलब्ध असलेला पाठ मात्र जसाच्या तसा गे हाँगचा नव्हे. इ. स. ५०० च्या सुमारास ताओ हाँगजिंग ह्याने त्यात भर घातली, आणि ११४४ मध्ये यांग योंगदाओ ह्याने आणखी भर घातली. म्हणून 'गे हाँग म्हणतो' असे विधान करताना पाठपरंपरेचे भान ठेवणे इष्ट होय.

येऊन जाऊन राहणाऱ्या तापांच्या प्रकरणात अनेक योग दिलेले आहेत, आणि छिंगहाओचा योग हा त्यांपैकी केवळ एक आहे. त्याचा आशय असा : छिंगहाओ एक मूठ घ्यावी, दोन शंग पाण्यात भिजत घालावी, पिळून रस काढावा आणि तो सगळा प्यावा. त्या काळचा शंग सुमारे २०० मिलिलिटरचा धरला जातो. म्हणजे पाणी सुमारे ४०० मिलिलिटर. एवढ्यात कृती संपते.

ह्या कृतीत प्रक्रियावाचक क्रियापदे दोनच आहेत. पहिले 'त्सी', म्हणजे द्रवात भिजत ठेवणे. त्याच्या लिपिचिन्हात पाण्याचा घटक आहे. दुसरे 'ज्याओ', म्हणजे पीळ देऊन आवळणे. त्याच्या चिन्हात रेशमाच्या धाग्याचा घटक आहे, आणि ओले वस्त्र पिळण्याची क्रिया त्यातून डोळ्यांपुढे येते. चिनी वैद्यकात औषध उकळण्यासाठी 'जियान' आणि 'चू' ही क्रियापदे अगदी नित्याची आहेत, आणि उकळून तयार केलेला 'तांग' म्हणजे काढा हा तेथील औषधकल्पनेचा जणू मूळ साचाच आहे. ह्या कृतीत त्यांपैकी एकही क्रियापद नाही. अग्नीचा उल्लेखच नाही. तू यांच्या ध्यानात आले ते हे अनुपस्थित क्रियापद. उकळण्याने, अथवा एकूण उष्णतेनेच, गुणकारी द्रव्य नष्ट होत असेल काय, अशी शंका त्यांना आली.

ह्या वाचनाचे मर्म आयुर्वेदाची परिभाषा ठाऊक असणाऱ्या वाचकास लवकर कळेल. चरकाने स्वरस, कल्क, शृत, शीत आणि फांट अशा पाच कषायकल्पना सांगितल्या असून ह्या क्रमात आधीची कल्पना नंतरचीपेक्षा अधिक बलवान मानली आहे. शार्ङ्गधराने त्यांची मापे नेमकी केली. काढ्यासाठी एक पल द्रव्यास सोळापट पाणी घालून ते अष्टमांश उरेपर्यंत आटवावयाचे. फांटासाठी चौपट उष्ण पाण्यात द्रव्य टाकून गाळावयाचे. हिमासाठी सहापट थंड पाण्यात ते रात्रभर ठेवावयाचे. आणि स्वरसासाठी ओली वनस्पती कुटून वस्त्रातून पिळावयाची. म्हणजे पाणी, उष्णता, काळ आणि दाब ह्या चार गोष्टींच्या भिन्न भिन्न मेळांना येथे भिन्न नावे मिळालेली आहेत. ह्या परिभाषेत सांगावयाचे तर गे हाँगची कृती हिम आणि स्वरस यांच्या मधली ठरते; काढा ती खासच नव्हे.

मराठीत मात्र व्यवहारात ह्या भेदांची बरीच सरमिसळ झालेली आहे. 'अंगरस' हा स्वरसासाठीचा नेमका शब्द वैद्यांच्या बोलण्यात टिकून आहे. 'फांट' आणि 'हिम' ग्रंथांपुरते उरले. आणि 'काढा' हा शब्द वनस्पतीपासून केलेल्या कोणत्याही पेयास सरसकट लावला जातो. एखाद्या भाषांतरकाराने गे हाँगची ही कृती 'छिंगहाओचा काढा घ्यावा' अशी मराठीत आणली असती, तर सामान्य वाचकास त्यात काही वावगे वाटले नसते. परंतु कृतीतील जो अंश निर्णायक ठरला, नेमका तोच त्या भाषांतरात नाहीसा झाला असता.

५

आता प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काय घडले, ते पाहू जाता असे दिसते की, तू यांच्या गटाने गे हाँगची कृती केलीच नाही. त्यांनी पाण्याऐवजी ईथर वापरले. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सियसला उकळते. त्यामुळे अर्क काढून विद्रावक उडवून देण्याची सारी क्रिया अल्प उष्णतेवर पार पडते. दुसरे असे की, देठ वगळून पानांवर भर देण्यात आला. तिसरे असे की, निघालेल्या अर्काचे अल्काच्या साहाय्याने आम्लधर्मी आणि उदासीन असे दोन भाग करण्यात आले. आम्लधर्मी भाग निरुपयोगी आणि विषारी ठरल्याने टाकून देण्यात आला, आणि उदासीन भाग ठेवण्यात आला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांतील परजीवींचा १०० टक्के नाश केला. पुढे माकडांवरही तोच अनुभव आला. मार्च १९७२ मध्ये नानकिंगच्या बैठकीत हे निष्कर्ष सांगण्यात आले. त्या वर्षीच्या जुलैत तू आणि त्यांचे दोन सहकारी यांनी अर्काची सुरक्षितता पाहण्यासाठी तो प्रथम स्वतः घेतला. त्यानंतर हायनान बेटावर २१ रुग्णांना तो देण्यात आला आणि त्याचा गुण आला.

नोव्हेंबर १९७२ मध्ये ह्या अर्कातून शुद्ध स्फटिक मिळाले. त्यांना 'छिंगहाओसू', म्हणजे छिंगहाओचे सार, असे नाव मिळाले. त्याच्या रेणूत कार्बनचे १५, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ५ अणू असतात. नायट्रोजन मुळीच नसतो. दोन ऑक्सिजन अणूंचा एक पेरॉक्साइड सेतू त्यात असून परजीवीवरील मारा त्याच्यामुळेच होतो. अल्कलॉइड शोधण्याची जी सवय वर सांगितली, तिच्या वाटेने गेलेल्याला हे द्रव्य कधीच सापडले नसते. कारण आम्लाशी त्याचे लवण होत नाही, आणि पाण्यात ते अत्यल्प विरघळते.

ह्यावरून एक महत्त्वाची दुरुस्ती करावी लागते. उष्णतेने द्रव्य नष्ट होते, ही तू यांची शंका अंशतःच बरोबर होती. शुद्ध आर्टेमिसिनिन तितके नाजूक नसते. त्याचे स्फटिक सुमारे १५६ अंशांना वितळतात. वनस्पतीतील अन्य द्रव्यांच्या सान्निध्यात पाण्यात उकळताना त्याची हानी होते हे खरे. परंतु काढा निष्प्रभ होण्याचे तितकेच मोठे कारण हे की, पाणी हा त्याचा विद्रावकच नव्हे. ईथराने एकाच वेळी दोन्ही अडचणी दूर केल्या : उष्णता कमी झाली आणि विद्रावकही योग्य मिळाला. ग्रंथवाचनाने प्रयोगाची दिशा बदलली. परंतु प्रयोग यशस्वी झाला तो ग्रंथात नसलेल्या द्रवामुळेही.

मग थंड पाण्यात भिजवून पिळलेल्या रसात काही येत होते काय? ऑक्सफर्डच्या मानववंशशास्त्रज्ञ एलिझाबेथ श्यू यांनी २००६ मध्ये चिनी ग्रंथांतील छिंगहाओच्या उल्लेखांचा सविस्तर परामर्श घेतला आणि कृतीतील 'पिळणे' ह्या क्रियेकडे लक्ष वेधले. वाळलेली वनस्पती पिळून रस निघत नाही. तेव्हा 'मूठ' ह्या मापावरून आणि ह्या क्रियापदावरून ती ओली असावी, हे अनुमान सयुक्तिक आहे. पिळताना पानांतील तैलद्रव्ये आणि अन्य घटक पाण्यात मिसळून दुधट मिश्रण होते, आणि एरवी पाण्यात न उतरणारे द्रव्य त्याच्या आधाराने उतरू शकते. त्यांच्या सहभागाने २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ओली वनस्पती भिजवून पिळली असता, अथवा कुटून पिळली असता, चहासारख्या साध्या फांटापेक्षा आर्टेमिसिनिन पुष्कळ अधिक निघते, असे आढळले. म्हणजे तू यांनी 'त्सी' ह्या क्रियापदाच्या शेजारी उष्णतेचा अभाव वाचला, तर श्यू यांनी 'ज्याओ' हे क्रियापद वाचले. दोन्ही वाचने प्रयोगाला लावून पाहिल्यावरच त्यांची किंमत ठरली.

अर्थात, ह्यावरून रस पिऊन हिवताप बरा करावा असा निष्कर्ष काढणे धोक्याचे होय. अशा रसात द्रव्याचे प्रमाण निश्चित नसते, आणि अपुऱ्या मात्रेने रोग उलटतो व परजीवी प्रतिकारक्षम होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्येच आर्टेमिसियाच्या चहासारख्या रूपांच्या वापराविरुद्ध मत दिलेले आहे.

६

क्रियापदांनी वाट दाखविली, तशी नामांनी वाट चुकविली, हेही ह्या प्रकरणात दिसून येते. जुन्या ग्रंथांतील 'छिंगहाओ' म्हणजे नेमकी कोणती वनस्पती? 'छिंग' म्हणजे हिरवट-निळसर. अकराव्या शतकातील बहुश्रुत लेखक शन क्वा ह्याने ह्या नावाखाली दोन प्रकार चालतात, एक पिवळसर आणि दुसरा गर्द हिरवा, असे नमूद केले. ली शिझेन ह्याच्या १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बृहद् निघंटूत 'छिंगहाओ' आणि 'ह्वांगह्वाहाओ', म्हणजे पिवळ्या फुलांचा हाओ, अशा दोन स्वतंत्र नोंदी आहेत. आधुनिक वनस्पतिशास्त्राची परिभाषा सिद्ध होताना 'छिंगहाओ' हे नाव एका जातीला आणि 'ह्वांगह्वाहाओ' हे नाव आर्टेमिसिया ॲनुआ ह्या जातीला चिकटले. दुर्दैव असे की, आर्टेमिसिनिन दुसरीत आहे, पहिलीत नाही. म्हणजे 'छिंगहाओसू' हे द्रव्य वनस्पतिशास्त्राच्या 'छिंगहाओ'त सापडतच नाही. नावावर विसंबून वनस्पती निवडणाऱ्यास हाती काही न येण्याचाच संभव अधिक होता.

मराठी वाचकास परिचित असलेला दवणा ह्याच आर्टेमिसिया प्रजातीतला होय. परंतु त्याची जाती निराळी. प्रजाती एक असली म्हणून गुण एक असत नाही, ही गोष्ट येथेही लागू पडते.

जाती बरोबर असली तरी प्रश्न संपत नाही. पेकिंगच्या आसपास उगवणाऱ्या झाडांत द्रव्य फारच थोडे असते. सिछ्वान प्रांतातील झाडांत ते बरेच अधिक असते. युन्नान प्रांतातील औषधिद्रव्य संस्थेत लुओ झयुआन यांनी १९७३ मध्ये स्थानिक झाडापासून तेच स्फटिक स्वतंत्रपणे मिळविले. पुढे तेथे सिछ्वानमधील पाला आणून, ईथरऐवजी विद्रावक म्हणून पेट्रोल वापरण्याची स्वस्त आणि मोठ्या प्रमाणावर चालणारी रीत बसविण्यात आली. शांतुंग प्रांतातील गटालाही त्याच वर्षी स्फटिक मिळाले. ह्या दोन गटांनी आपल्या द्रव्याला निराळी नावे दिली होती, आणि ती सारी एकाच द्रव्याची नावे आहेत हे पुढे निश्चित झाले. १९७४ मध्ये युन्नानमधील फाल्सिपेरम हिवतापाच्या रुग्णांवर ली ग्वोछियाव यांनी घेतलेल्या चाचण्यांत युन्नानचेच स्फटिक वापरलेले होते. २०१५ चे नोबेल पारितोषिक तू यांना मिळाले ते योग्यच झाले. परंतु पहिली वाट दाखविणे एका गटाचे, पुरेसे औषध काढणे दुसऱ्याचे आणि रोग्यांवर सिद्ध करणे तिसऱ्याचे, असे ह्या शोधाचे खरे स्वरूप आहे. निष्कर्षणाचा इतिहास एकाच नावावर लिहिला, की ह्यांतील मधला दुवा प्रथम गळून पडतो.

तू यांच्या गटाचा १९७३ चा अनुभवही येथे नोंदविण्यासारखा आहे. त्यांनी शुद्ध स्फटिकांच्या गोळ्या हायनानमधील ५ रुग्णांना दिल्या, तेव्हा परिणाम निराशाजनक आला. तपासाअंती दोष द्रव्याचा नसून गोळीचा निघाला. ती पोटात नीट फुटतच नव्हती. तेच द्रव्य कॅप्सूलमध्ये भरून दिल्यावर गुण आला. वनस्पतीतून द्रव्य सोडविल्यावर ते पुन्हा गोळीत अडकले होते.

७

ह्या हकीकतीला आजच्या निष्कर्षणशास्त्राच्या दृष्टीने पाहिले असता तिचे आणखी एक अंग दिसते. वाळलेल्या पानात आर्टेमिसिनिनचे प्रमाण वाण, स्थळ आणि ऋतू यांप्रमाणे शेकडा ०.०१ पासून १ हून थोडे अधिक इतके बदलते. शेकडा ०.५ अंश धरला तर १ किलो द्रव्यासाठी निदान २०० किलो कोरडी पाने लागतात, ०.०५ धरला तर २,००० किलो. म्हणून उत्पादनाचा पहिला टप्पा शेतातच सुरू होतो. फुलोरा येण्याच्या सुमारास प्रमाण सर्वाधिक असते, तेव्हाच कापणी करावी लागते. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने भारतात ह्या वनस्पतीची लागवड रुजविली आणि 'जीवनरक्षा' नावाचे अधिक द्रव्यांशाचे वाण दिले, ते ह्याच दृष्टीने.

द्रव्य पानाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ग्रंथींत साठलेले असते. त्यामुळे हेक्झेनसारखा योग्य विद्रावक त्याच्यापर्यंत लवकर पोहोचतो. उष्णता आणि काळ वाढवीत गेल्यास द्रव्य थोडे अधिक निघते; परंतु मेण आणि हरितद्रव्यही निघू लागते, आणि शुद्धीकरणाचा खर्च वाढतो. सर्वांत अधिक अर्क म्हणजे सर्वांत चांगला अर्क नव्हे. विद्रावक, उष्णता, काळ आणि पाल्याशी असलेले विद्रावकाचे प्रमाण हे घटक परस्परांवर अवलंबून असतात. एकाची सर्वोत्तम पातळी दुसऱ्यावरून ठरते. एका वेळी एकच घटक बदलीत गेल्यास हे संबंध नजरेतून सुटतात. अनेक घटक योजनापूर्वक एकदम बदलून इष्टतम स्थान शोधण्याची गणिती रीत बॉक्स आणि विल्सन यांनी १९५१ मध्ये मांडली, आणि वनौषधींच्या निष्कर्षणावरील आजचे बरेच संशोधन तिचाच अवलंब करते. तथापि, ही रीत काय करते आणि काय करीत नाही, हे स्पष्ट असावे. संशोधकाने जे घटक विचारात घेतले, त्यांच्यात ती उत्तम मेळ शोधून देते. जो घटक त्याला सुचलाच नाही, तो ती सुचवीत नाही. उकळत्या पाण्याचा काढा कितीही गणिताने सुधारला असता, तरी त्यातून ४ ऑक्टोबर १९७१ चा निकाल आला नसता.

जैवतंत्रज्ञानाने आता आणखी एक मार्ग उघडला आहे. यीस्टमध्ये वनस्पतीची जनुके घालून आर्टेमिसिनिनचे पूर्वद्रव्य तयार करता येते, हे २००६ मध्ये दाखविण्यात आले आणि २०१३ मध्ये त्याचे औद्योगिक स्वरूप सिद्ध झाले. तरीही शेतातील पाला हा पुरवठ्याचा मुख्य आधार राहिला, कारण तो स्वस्त पडतो. दुसरीकडे, २००९ मध्ये पश्चिम कंबोडियात ह्या औषधाने परजीवी मंदपणे हटू लागल्याचे नोंदले गेले. क्लोरोक्विनबाबत जे घडले, त्याची ही पूर्वसूचना मानावी लागेल. आणि पुढील औषधाचा शोध पुन्हा एकदा घ्यावा लागणार आहे.

८

सारांश, गे हाँगच्या ग्रंथात आर्टेमिसिनिन नव्हते. त्यात एक प्रश्न होता, आणि तो प्रश्न दोन क्रियापदांत आणि एका क्रियापदाच्या अभावात सामावलेला होता. तो प्रश्न ओळखण्यास ग्रंथाचे काटेकोर वाचन लागले; त्याचे उत्तर मिळविण्यास ईथर, उंदीर, रुग्ण आणि अनेक गटांची वर्षानुवर्षांची मेहनत लागली. ग्रंथात सर्व काही होतेच असे म्हणणारा मेहनतीचा अपलाप करतो. ग्रंथाचे काहीच नव्हते असे म्हणणारा प्रश्नाचा.

ह्यातून भाषाभ्यासकाकडेही एक काम येते. संस्कृत वैद्यकग्रंथांच्या मराठी भाषांतरांत आणि वैद्यकीच्या हस्तलिखितांत अशा कृती विखुरलेल्या आहेत. त्यांच्या सूची करताना वनस्पतींच्या आणि रोगांच्या नावांवर भर दिला जातो. त्यांच्या जोडीला प्रक्रियावाचक क्रियापदांचीही सूची झाली पाहिजे : कोठे वाटावे म्हटले आहे आणि कोठे कुटावे, कोठे ओली वनस्पती आहे आणि कोठे वाळलेली, कोठे कढवावे आहे आणि कोठे नुसते रात्रभर ठेवावे. पाठभेदही ह्याच दृष्टीने तपासले पाहिजेत. लेखकाच्या हातून एक क्रियापद बदलले, की कृती दुसरीच होते. अशा सूचीतून औषध मिळेलच, असे आश्वासन कोणी देऊ नये. परंतु ज्याला प्रयोग करावयाचा आहे, त्याच्या हाती कृती जशी लिहिली गेली तशीच पडावी, 'काढा' ह्या एका शब्दात विरघळून गेलेली पडू नये, एवढे पाहणे भाषाभ्यासकाच्या शक्तीतले आहे.